परतीच्या तारखेचा रकाना

मी शाळेत ग्रंथपाल झाले तेव्हा मला ग्रंथपालनातलं काडीचंही कळत नव्हतं. परभणीत दर रविवारी प्रमाणपत्राचा वर्ग भरायचा, त्यात नाव घातलं होतं एवढंच. परीक्षा झाली असती तर पास-नापास काहीतरी कळलं असतं. पण विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात आज बंद, उद्या बंद, परीक्षा दोनदा पुढं गेली. मुख्याध्यापकांनी रुजू करून घेताना स्पष्टच सांगितलं, "बाई, प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तुमची नोकरी माझ्या शेऱ्यावर आहे. एक चूक दिसली की मी हात वर करणार."

मग काय! रोज सकाळी परभणीहून पॅसेंजरनं पिंगळी स्टेशन ओलांडून शाळेच्या गावात जायचं आणि पुस्तकांची राखण करायची. तीन कपाटं, काचेची दारं, किल्ल्या माझ्या पदराला. पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण? मी. फाटलं तर? मीच. म्हणून मी सोपा उपाय काढला. पुस्तकं द्यायचीच नाहीत. 'पुस्तक वाचकाच्या हाती गेलं पाहिजे' असं रविवारी वर्गात सुबक अक्षरात उतरवून घ्यायचं आणि सोमवारी कुलूप ओढून बघायचं, नीट लागलंय ना.

दहावीतली एक मुलगी मात्र पिच्छा सोडायची नाही. शेतकऱ्याची पोर, मधल्या सुट्टीत येऊन उभी राहायची. काचेवर बोट टेकवून म्हणायची, "बाई, ते ताऱ्यांचं द्या ना. दोन दिवसात आणून देते." आकाशातल्या ताऱ्यांची ओळख करून देणारं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं ते. "दहावीला आहेस ना? अभ्यास कर," मी खेकसायचे. वर काचेवरचा तिच्या बोटाचा डागही पदरानं पुसून टाकायचे. शी! आज आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मार्च महिन्यात तपासणी जाहीर झाली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकं कुणी नेली, कधी परत केली हे लिहायचं देवघेव रजिस्टर वर्षभर कोरं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "ते भरलेलं दिसलं पाहिजे. कसं ते तुमचं तुम्ही बघा." मी बघितलं. हजेरीपटातून नावं घेतली आणि दोन दिवस बसून पानंच्या पानं रंगवली. मुलाचं नाव, पुस्तकाचं नाव, नंबर, नेल्याची तारीख, सही, परतीची तारीख. शाई बदलली, पेन बदलला, काही सह्या तर डाव्या हातानं ठोकल्या. त्या मुलीचं नाव आलं तेव्हा हात आपसूक ताऱ्यांच्या पुस्तकाचाच नंबर लिहून गेला. पुढं तिची सही केली, आणि तेवढ्यात गाडीची वेळ झाली म्हणून घाईघाईनं रजिस्टर मिटलं.

तपासणीला आलेले साहेब खूश झाले. "नवीन असून वाचनाची गोडी लावलीत," म्हणाले. आणि मी निर्लज्जासारखी हसले.

निकालानंतर ती मुलगी वडिलांबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. चांगल्या मार्कांनी पास झाली होती. परभणीला अकरावीत प्रवेश घ्यायचा होता आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. क्लार्कनं सवयीनं माझं रजिस्टर उघडलं आणि बोट एका ओळीवर थांबलं. बाकी सगळ्या ओळी भरलेल्या, तिच्याच ओळीत परतीच्या तारखेचा रकाना कोरा. "पुस्तक आणून द्या, मग दाखला," तो म्हणाला. मला ऑफिसात बोलावणं आलं. क्लार्कनं पुस्तकाचं नाव आणि नंबर पुन्हा मोठ्यानं वाचला.

"म्या न्हाई नेलं," ती सांगत होती. "म्या लय येळा मागितलं, बाईंनी दिलंच न्हाई. ही माजी सही न्हाई."

"मग ही दस्तखत कुनाची हाय?" वडिलांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात दिली. "शाळेची वस्तू घरात ठिवून घेतलीस आन् वर बाईंवर आळ घ्यायलीस?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. "काय बाई, रजिस्टर काय म्हणतं?"

पुस्तक माझ्याच कपाटात होतं. 'अगं बाई, परत आलंय की, तारीख घालायची माझीच राहिली,' एवढं म्हणाले असते तरी पोर सुटली असती. सगळं खोटं कबूल करायचीही गरज नव्हती. पण एक चूक दिसली की हात वर, हे डोक्यात बसलेलं. एवढीशी चूकही मला पदरात घ्यायची नव्हती. मी म्हणाले, "रजिस्टरात आहे म्हणजे तिनं नेलंच असणार."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत आली. वडील आदल्या दिवशीच परभणीला जाऊन दुकानं पालथी घालून तेच पुस्तक शोधून घेऊन आले होते. क्लार्कनं दाखला दिला. पुस्तक जमा करायला ती वडिलांसोबत माझ्याकडं आली. मी त्यावर शाळेचा शिक्का मारला, परतीच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि ठेवायला कपाट उघडलं. आदल्या दिवसापासून त्या कपाटाकडं बघायचंच टाळलं होतं मी. जुनं पुस्तक जागचं हलवायचंही सुचलं नव्हतं.

निळ्या पुठ्ठ्याचं, पाठीवर नंबर टाकलेलं, ते समोरच उभं होतं. काल ऑफिसात क्लार्कनं मोठ्यानं वाचला होता तोच नंबर. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या नव्याकडं, मग माझ्याकडं. आता ही बोलणार म्हणून मी कपाटाचं दार घाईनं लोटलं.

दारातून वडील म्हणाले, "बघत काय ऱ्हायलीस? बाईंच्या पाया पड. माफी माग. परभनीची गाडी यायलीय."

ती वाकली. माझ्या पायांना हात लावला आणि अगदी हळू म्हणाली, "चुकले बाई."

आणि मी तिला म्हणाले, "असू दे. पुन्हा असं करू नकोस."