आडवी नागली

छातीतली गाठ हाताला लागली, तेव्हा नवऱ्याशिवाय कुणाला बोलले नाही. नाशिकला तुकडा तपासायला दिला आणि दुसऱ्या दिवशी जव्हारला ऑफिसात येऊन बसले. कुणी "बरं नाही का?" विचारलं की अंगावर धावून जायचे. नवरा तर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. त्यालाही धीर मीच द्यायचा. वैताग नुसता.

पोशेऱ्याची माझी मैत्रीण आणि मी आश्रमशाळेत एका गोधडीत झोपायचो. फोनवर माझा नुसता 'हॅलो' ऐकून तिला संशय आला. म्हणाली, नागली लावायला माणसं कमी आहेत, रविवारी ये. धादांत खोटं! आमच्याकडे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात असंच काम चालतं. माणसं कमी कशी पडतील? जाऊन बघते तर अर्धा पाडा शेतात.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप भातासारखं उभं लावत नाहीत. उतारावर नुसतं आडवं टाकत जायचं. दोन-चार दिवस ते मेल्यासारखं पडून राहतं, मग पावसात मूळ धरतं आणि आपलं आपण उठतं. हे काम मी लहानपणापासून केलेलं. पण त्या दिवशी मी एकेक रोप चिखलात खोचून उभं करत सुटले होते, आणि माझं मला भानच नव्हतं. मागच्या बायका खुसुखुसु हसायला लागल्या. मैत्रीण मात्र हसली नाही. तिनं माझा हात धरला.

"काय झाला गं तुला?"

तिथंच बांधावर बसून मी रडले. सगळं सांगितलं. काही होणार नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिला कधी विसरणार नाही. चिखलाच्या हातानं पाठ चोळत राहिली, माझं पोलकं पार खराब केलं.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. तिला फोन लावला आणि माझ्या ऑफिसच्या आवाजात सुरू झाले. ऑपरेशन होईल, मग औषधं, डॉक्टर चांगले आहेत, तू काही काळजी करू नकोस. तिनं मला मधेच तोडलं.

"मला कशाला धीर देतेस? इकडं ये नि आडवी हो."

गेले. तिनं ओटीवर गोधडी टाकून ठेवली होती. घरातल्या सगळ्यांना दटावून बाहेर काढलं होतं. मी आडवी झाले, आणि कुणालाही धीर न देता संध्याकाळपर्यंत झोपले.