विसाव्याच्या पायरीवरचं अर्धं फूल

अलीकडे दुपारी डोळा लागला की मी बारवेत उतरायला लागतो. पायऱ्या संपत नाहीत. खाली पाणी दिसत राहतं, पण तिथवर पोचणं काही होत नाही. जाग येते तेव्हा तळपाय खरंच गार पडलेले असतात. हे खूळ मला आमच्या नगरपालिकेच्या वारसा समितीने लावलं.

समिती म्हणजे फार मोठं काही नव्हतं. गावची वेस, जुना दगडी दवाखाना, पेठेतले कोरीव दरवाजे यांची यादी करायची. कुणाला त्यात फेरफार करायचा असेल तर त्याची दरखास्त वाचायची, जागेवर जाऊन बघायचं आणि चहा पिऊन मत द्यायचं. अध्यक्ष होते येलदरीच्या धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले एक इंजिनिअर. जन्म सिमेंटात गेला आणि म्हातारपणी त्यांना चुन्याचं वेड लागलं. चुन्यात बेलफळाचा गर किती घालावा यावर ते तासभर बोलत. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मला घेतलं होतं ते माझ्या मतासाठी नव्हे, नकाशे फुकटात काढून मिळतील म्हणून. मत कुणी विचारत नसे आणि मला ते सोयीचंच होतं.

गावाबाहेरची बारव दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा मात्र मला खरं काम आलं. बाभळी तोडल्या, गाळ उपसला, तेव्हा एका बाजूच्या पायऱ्या ढासळलेल्या निघाल्या. बरेच दगड जागेवर नव्हते. गावात नळ आले तसं बारवेकडे कुणी फिरकेना, आणि ज्याला जो दगड लागला तो त्याने नेला; काही तर त्याच्याही आधी गेले होते. अध्यक्षांचा नियम साधा होता. नवा दगड अगदी शेवटी; आधी गावात गेलेला जुना दगड शोधायचा. मी प्रत्येक पायरीचं चित्र वहीत काढायचं आणि जो दगड नाही त्याची चौकट रिकामी ठेवायची.

महिनाभर मी रोज तिथे बसलो. भर दुपारी थोडा वेळ ऊन थेट तळाशी पोचे आणि पाण्यावरून उलटं भिंतींवर चढे. सगळे दगड हलायला लागत. पारवे घुमत, त्यांचा आवाज कुठून येतो ते कळत नसे. अशा वेळी माझी पेन्सिल आपोआप थांबायची आणि घड्याळाचं भान राहायचं नाही. शाळेत इतकी वर्षं मुलांना बघायला शिकवलं, पण स्वतः नीट बघायला मी इथे शिकलो.

अर्ध्या उतारावर एक रुंद पायरी होती. पाण्याच्या घागरी वर आणताना बायका तिथे टेकत, म्हणून तिला विसाव्याची पायरी म्हणत. तिच्या उजव्या दगडावर चार पाकळ्यांचं अर्धं फूल कोरलेलं होतं. डावा दगड नव्हता. मी चौकट आखली आणि पेन्सिल खाली ठेवली. उरलेलं अर्धं फूल कुठे आहे ते मला ठाऊक होतं. ते आमच्या दारात होतं.

आमच्या घराची पायरी म्हणजे तो दगड. माझ्या जन्माआधी वडिलांनी तो बैलगाडीतून आणला. संध्याकाळी दोघं त्याच्यावर बसत, वडील फुलाच्या बाजूला आणि आई दुसऱ्या टोकाला. वडील गेले, तरी आई बसते ती त्याच टोकाला. आता तिला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. देवळातून एकटी येते, अनवाणी पाय पुढे करून चाचपते, पाकळ्या लागल्या की उंबरा ओलांडते. गल्लीत सगळ्या घरांना आता सारख्याच फरश्या आहेत. आपलं दार कुठलं हे तिला तो दगड सांगतो.

मी चौकटीत लिहिलं, 'शोध चालू'. समितीत सगळ्यांत प्रामाणिक म्हणून माझं नाव घेतलं जाई. मला स्वतःची लाज वाटली, पण खोडलं नाही.

दगड परत मागायचे म्हणून घंटागाडीवर आवाहन लावलं. मजकूर माझाच होता. रोज सकाळी कचरा गोळा करता करता ती गाडी गल्लोगल्ली सांगत फिरे, की ज्यांच्या घरी जुने घडीव दगड असतील त्यांनी ते बारवेवर आणून द्यावेत. चौथ्या दिवशी आम्ही जाऊन पाहतो तर काठावर दगडांचा ढीग. फुटकी जाती, टवके उडालेले पाटे, तळ गेलेली उखळं, नाक झिजलेला एक नंदी. भंगलेलं जातं घरात ठेवू नये आणि उकिरड्यावर तर टाकूच नये. मग करायचं काय, हा प्रश्न घरोघरी पडून होता. तो आम्ही चार दिवसांत सोडवला होता. बारवेचा दगड मात्र एकही नव्हता. बाया जात्याला हळदकुंकू लावून, नमस्कार करून ठेवून गेल्या होत्या. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून ढिगाभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "आता याचीबी नोंद करा सर." मी दोन दिवस जाती मोजत बसलो.

पुढे एकेकाकडे जाऊन, गोडीत बोलून बरेच दगड परत आले. शेवटी माझीच चौकट उरली. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "लय वाट पाह्यली. नवा घडवून घेऊ." त्यांनी म्हाताऱ्या पाथरवटाला बोलावलं होतं. त्याने उजव्या दगडाचं माझं चित्र उजेडाकडे नेऊन पाहिलं.

"पाकळ्या काढून देतो साहेब," तो म्हणाला. "पर इतक्या बायांच्या पायानं झिजलाय ह्यो. ती झीज म्या कुठून आणू?"

मी वही मिटली. घरी आलो. आई पायरीवर तिच्या टोकाला बसली होती. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मला ठावं हाय," ती मग म्हणाली. "रोज सकाळी ती गाडी हितंच उभी राहून वरडायलीय. म्या ह्याच्यावरच बसून ऐकायलेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कवा इचारतूस ते बघत व्हते. तुझ्या येळंला मी दोन जिवांची, मातीच्या पायरीवरून घसरले. तवा त्यांनी ह्यो आणला. बारवेत नारळ फोडला अन् म्हणले, नड हाय म्हून नेतो, नड सरली की आणून देतो." ती पाकळ्यांवरून हात फिरवत राहिली. "त्यांचा शब्द हाय. ने."

"अन् तुला दार कसं सापडंल?"

"हुडकीन की," आई म्हणाली.

दगड गेला. दारात नवी गुळगुळीत फरशी आली. पहिल्या आठवड्यात आई दोनदा शेजारच्या घरात शिरली. शेजारीण हात धरून तिला आणून सोडायची आणि मला खाली मान घालावी लागायची. मी फरशीवर गोणपाट अंथरलं, ते वाऱ्याने सरकायचं.

काम पुरं झालं तेव्हा आईला बारवेवर नेलं. ऊन तळाशी पोचायची वेळ होती. ती अनवाणी होती, हात माझ्या खांद्यावर. मी एकेक पायरी सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती. मध्येच तिचा पाय थांबला. तिने तो मागेपुढे फिरवला, एकदा, दोनदा. डाव्या पाकळ्या, उजव्या पाकळ्या.

"आलं घर," ती म्हणाली.

ती हाताने दगड चाचपत खाली बसली. मग जरा सरकली आणि फुलाकडची जागा मोकळी ठेवली.