अनवाणी चालणारा पाय

नाईक मॅडम पेशंटच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या चपलेकडे. टाच कुठे झिजली आहे ते पाहून माणूस कसा चालतो ते सांगायच्या. कृत्रिम पाय बनवण्याची पदवी घेऊन मी त्यांच्या चंदनसारच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मागायला गेलो, तेव्हा मार्कशीट बाजूला सारून म्हणाल्या, "बूट काढ आणि भिंतीपर्यंत चालून दाखव. आपली माणसं घरात अनवाणी असतात. बुटासाठी जुळवलेला पाय त्यांना पाडतो."

बोलणं असंच फटकळ. कुणी पाय लवकर मागितला की म्हणायच्या, "घाई असेल तर काठी घ्या." लोक दुखावायचे, पण परत यायचे.

कामणचे जनार्दनकाका भातशेती करायचे. अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. सूज पुरती उतरेपर्यंत थांबा, असं मॅडमनी सांगितलं. तेवढ्यात एका पुढाऱ्याचं मोफत शिबिर भरलं आणि मुलगा काकांना तिकडे घेऊन गेला. सकाळी माप, संध्याकाळी पाय, वर नवे बूट आणि हार. मॅडमनी फोनवर बजावलं, "काका, तो पाय बुटाच्या टाचेला जुळवलाय. बूट काढलेत तर मागे पडाल."

गणपतीच्या आरतीला काकांनी बूट काढले. तोल जाऊन मागे पडले आणि चांगल्या पायाचा खुबा मोडला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ओशाळून म्हणाले, "बाय, देवासमोर बूट घालून कोन उभा रातो?" मॅडम पाणीही न घेता उठल्या.

पुढच्या शिबिराचा फलक आमच्याच नाक्यावर लागला. त्यावर बूट घालून हसत उभे असलेले जनार्दनकाका. मॅडम आयोजकाकडे गेल्या, म्हणाल्या, "हा माणूस अंथरुणाला खिळलाय. फोटो उतरवा."

"फोटो किती छान आलाय, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीपण या ना स्टेजवर, सत्कार करू."

काका त्या अंथरुणावरून उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मुलगा तो पाय पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये आला. "चांगला आहे, कोनाला तरी होईल."

एकाचा पाय दुसऱ्याला होत नाही, हे एरवी मॅडमनी तोंडावर सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी फक्त पिशवी घेतली.

थोड्याच दिवसांत वर्कशॉप बंद करून त्या आखाती देशात नोकरीला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "माझ्याकडे शिकलास ते विसरून जा, म्हणजे इथे टिकशील."

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आता येत नाही, हेच वाईट.