गोपनीय तक्रार कोणाची?

कोर्टातला कूलर सुरू होऊन ओल्या वाळ्याचा वास आला, की मला भिलाईचं लॉ कॉलेज आठवतं आणि आजही डोकं तापतं. असाच वास वर्गात भरला होता आणि सर खाजगीपणाचा हक्क पोटतिडकीनं शिकवत होते, तेवढ्यात चपराशी काका दारातून ओरडले, "एससी वाले बच्चे, स्कॉलरशिप के लिए ऑफिस चलो!" कोण उठतं ते बघायला सगळ्या माना वळल्या. मी उठले. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या मैत्रिणीनं आपली पाण्याची बाटली हळूच जवळ ओढून घेतली. मी तरातरा प्राचार्य मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "तक्रार लिहून दे, तुझं नाव कुणालाच कळणार नाही." मी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच तासाला काका परत दारात. ते आमच्याच सेक्टर सहाच्या मराठी वस्तीतले, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचे. "पोरी, मॅडम तुले बोलावून राहिल्या," ते तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "ते गोपनीय तक्रार तुयीच आहे ना?" वर्ग खदखदून हसला. सरांनी फळ्यावरून मानही वळवली नाही. म्हणाले, "जा, पण लवकर ये. आज खाजगीपणा संपवायचाय."