बन्सीधरची चुनखडी

ताडकळसात विहिरीवरची मोटार जळाली की माणूस आधी बन्सीधरकडे जातो, मग बायकोला सांगतो. तीस वर्षं हा माणूस जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतोय. अशाच्या बैठकीत समुद्र आहे म्हटल्यावर मीही हसलो होतो. पण होता. चार फुटी काचेची टाकी, मिठाचं पाणी, वर निळा दिवा आणि आत दगडांवर चिकटवलेली जिवंत प्रवाळं. ती मी पहिल्यांदा नीट पाहिली त्याच्या मुलीच्या दहाव्याला.

मुलगी राजनंदिनी. मत्स्यविज्ञान शिकली, पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला लागली आणि लॉकडाऊनमध्ये टाकी टेम्पोत घालून घरी आली. दोन वर्षांनी काविळीनं आठवड्याभरात गेली. सव्वीस वर्षांची होती. अग्नी त्यांच्याच वावरात दिला, बांधाजवळच्या बाभळीपाशी. अस्थी गोदावरीला नेल्या, राख तिथेच मातीत मिसळली.

आता टाकी विकतील, असं गावाला वाटलं. बन्सीधर तिची वही उघडून बसला. मीठ किती, पाणी कधी बदलायचं, दिवा किती तास, सगळं तिच्या अक्षरात होतं. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. म्हणेनात का. ज्याचं जळतं त्याला कळतं.

प्रवाळ जगलं, आणि चांगलं वाढलं. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन ते आपलं कठीण अंग बांधतं, त्यामुळे ते जेवढं मोठं, तेवढी त्याची भूक मोठी. रोज बाटलीनं घालायचं औषध पुरेना. तिच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, ‘पुढे कॅल्शियम रिॲक्टर लागेल.’ तेवढंच. कुठला, ते लिहायचं राहून गेलं होतं.

रिॲक्टर म्हणजे एक उभं बंद नळकांडं. त्यात चुन्याचे खडे भरायचे, टाकीचं पाणी फिरवायचं आणि सोड्यातला गॅस सोडायचा. पाणी आंबट होतं, खडे हळूहळू विरघळतात आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत पडतं.

निवडीत बन्सीधरनं महिना घातला. पुण्याच्या दुकानदाराला फोनवर पार दमवलं. दोन पंप मागवून, उघडून, ‘भरणी कच्ची हाय’ म्हणून परत पाठवले, तिसरा ठेवला. गॅसचा व्हॉल्व्ह इतका बारीक निवडला की बुडबुडे मोजून सोडता यावेत. सिलिंडर परभणीच्या सोडावाल्याकडून आणला. अडलं ते खड्यांपाशी. कंपनीचे खडे म्हणजे मेलेल्या प्रवाळाचेच तुकडे, हे कळल्यावर त्यानं फोन ठेवला आणि तडक माझ्याकडे आला.

“सायेब, मेलेल्याची हाडं इरघळून जित्याला पाजायची? माझ्यानं न्हाई व्हायचं.”

मी निवृत्त कृषी सहायक. चुकलेल्याला तोंडावर चुकलास म्हणायची माझी खोड सगळ्या तालुक्याला ठाऊक. तीन दिवसांनी त्यानं स्वच्छ धुतलेली चुनखडी आणली. आपल्या काळ्या रानात निघते तीच, बोराएवढी. “वावरातली हाय, सायेब.” मी लिंबू पिळलं, खडा फसफसला. मी म्हणालो, “एक नंबर. भर बिनधास्त.” वावरात कुठली, हे मी विचारलं नाही.

पहिला महिना सोन्यासारखा गेला. फांद्यांना पांढरी कोवळी टोकं फुटली. “लय वाढायलंय सायेब, बघायला या,” असा त्याचा फोन आला. इतक्या दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

मग प्रवाळ तपकिरी पडायला लागलं. काचेला शेवाळ चढलं. बुडापासून कातडी सुटून पांढरा सांगाडा उघडा पडू लागला. बन्सीधरनं पाणी बदललं, गॅस कमी केला, पंप तीनदा खोलला. दोष स्वतःच्या हातातच असणार, एवढंच त्याला सुचत होतं. शेवटी एक जांभळी फांदी उरली. ती राजनंदिनीनं स्वतः चिकटवलेली. बुडाशी चिकटवायला लावलेल्या मसाल्यात तिच्या अंगठ्याचा ठसा होता. तीही पांढरी झाली, तेव्हा मी नळकांड्यातलं पाणी तपासलं. स्फुरद. म्हणजे फॉस्फेट, शेवाळाचं खत अन् प्रवाळाचं विष. रंग इतका गडद आला की मी नळी धुऊन पुन्हा तपासलं.

तीस वर्षं मी गावोगाव सांगत फिरलो, बाबांनो, चुनखडीच्या रानात डीएपी खतातला स्फुरद चुन्याला धरून बसतो, पिकाला मिळत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्या खड्यांत काय बसलं असेल, हे मला नाही तर कुणाला कळायला हवं होतं?

मी त्याच्या घरी जाऊन सरळ सांगितलं. माझी चूक आहे हेही सांगितलं. त्याची बायको मनकर्णा दारात उभी होती. ती म्हणाली, “सायेब, खडे बाभळीजवळचे होते. लेकीचं काईतरी जावं तेच्यात, म्हणून ह्यांनी तिथलेच येचले. खरं सांगा, राखंत बी आसतंय का हे?”

हाडांचं खत स्फुरदासाठीच घालतात. हेही मीच शिकवलं होतं.

“नाही वैनी,” मी म्हणालो. “सगळं डीएपीचं आहे.”

“मंग तिथली माती तपासून द्या,” बन्सीधर खाली बघत म्हणाला. “मला कागद पायजे. माज्या लेकीनं न्हाई मारलं ते, आसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मातीची पिशवी आणून दिली. मी ती पाठवली नाही. प्रयोगशाळा आकडा देते. त्यातलं डीएपी किती अन् राजनंदिनी किती, ते कुणीच सांगू शकत नाही. चार महिने मी ‘येईल, येईल’ म्हणत राहिलो.

परवा तो पुन्हा आला. मला त्याच्याकडे बघवेना. म्हणालो, “आला कागद. डीएपीच निघालं. कागद ऑफिसातच राहिला.”

त्याचे डोळे भरले. मान हलवून म्हणाला, “उरली आसंल ती माती द्या माघारी. तिची हाय.”

मी आतून पिशवी आणून त्याच्या हातात दिली आणि दिल्यावर माझ्या ध्यानात आलं. सुतळीची गाठ त्यानेच मारलेली होती, मोटारीच्या तारेला मारतो तशी, आणि ती जशीच्या तशी होती. बन्सीधरनं गाठीवरून बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून घराकडे चालू लागला. मी त्याला थांबवलं नाही.