ओव्याचा शेक

कुणालाही हात लावण्याआधी मावशी आपला तळवा स्वतःच्या गालाला लावून बघायची. गार लागला तर पदरात घोळवून ऊब आणायची आणि मग म्हणायची, "भ्यायचं माझ्यावर सोडा ताई. तुम्ही निस्तं पडून ऱ्हा."

मला ते जमत नव्हतं. छाती लहान करून घेण्याचं माझं ऑपरेशन होऊन पाचच दिवस झाले होते. वर्षानुवर्षं मान-पाठ दुखत होती, पट्ट्यांनी खांद्यांत खड्डे पडले होते, फळ्यावर लिहायला वळले की पोरांची खुसफुस ठरलेली. तरीही २००३च्या आसपास नाशिकात असल्या ऑपरेशनला कुणीही नसते लाडच म्हणालं असतं. म्हणून नवरा सोडून सगळ्यांना पित्ताशयाचे खडे सांगितले.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "स्तनाग्राचा रंग रोज बघा. काळपट दिसला तर लगेच फोन करा. रक्त पोचलं नाही तर तो भाग मरतो." तेव्हापासून मी त्या रंगाच्या धास्तीवर जगत होते. नवरा फिरतीवर, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्याच दवाखान्यातली ही मावशी दिवसभरासाठी पाठवली. मखमलाबादकडच्या माळ्यांची, घरचा फुलांचा मळा, पन्नाशी उलटलेली, वीस वर्षं बाळंतिणी सांभाळलेली. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्या डॉक्टरांपेक्षा एक पायरी खाली असतात आणि आईपेक्षा एक वर.

हात खांद्याच्या वर न्यायचे नव्हते, त्यामुळे वेणीसुद्धा तीच घालायची. कुशीवर वळायला बंदी. सूज अशी की हे कधी माझं अंग होईल असं वाटेना. मधूनच आत झिणझिण्या यायच्या आणि मी दचकायचे. "नसा जाग्या हुत्यात," ती म्हणायची.

ड्रेसिंग बदलताना मी डोळे गच्च मिटायचे आणि ती रंग सांगायची. "गुलाबी हाय. आमच्या मळ्यातल्या फुलावानी नाय, पण चालंल."

एकदा शेजारच्या काकू नारळपाणी घेऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "खडे बाटलीत ठेवले असतील ना? बघू तरी." मावशी शांतपणे म्हणाली, "डॉक्टरनी ठिवून घेतले. लय मोठे व्हते, बाकीच्या डॉक्टरांना दाखवायचे हायेत." काकूंच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर दिसला. मी उशी छातीशी धरून हसू दाबलं, तरी टाके ताणलेच.

बाराव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. पाठ आणि खांदे असे भरून आले की मला रडू फुटलं. तिनं तवा तापवला, ओव्याची पुरचुंडी बांधली आणि शेकायला बसली. "बाळंतिणीला देते तसाच. चटका बसला की सांगा."

माझ्याजवळ डॉक्टरांचा इंग्रजी कागद होता. त्वचा काही महिने बधिर राहील, शेक देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि तो कागद मी दोनदा वाचला होता.

मी गप्प बसले. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे पाठीला इतकं बरं वाटत होतं की तिला थांबवायचंच नव्हतं. पुरचुंडी काखेखाली आली, सुजेवर टेकली. मी चटक्याची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

दुपारी ड्रेसिंग सोडलं तेव्हा तिनं रंग सांगितला नाही. मी डोळे उघडले. डाव्या बाजूला बोराएवढा फोड आणि स्तनाग्राच्या कडेपर्यंत काळसर लाली. ती उठली आणि तिनंच फोन फिरवला. "डॉक्टरसाहेब, मी भाजलं ताईला. शेक दिला."

दवाखान्यात डॉक्टर आमच्या दोघींकडे बघून ओरडले, "शेक द्यायचा नाही, हे लिहून दिलं होतं ना?"

"मला नाय ठावं साहेब. चूक माझीच," ती म्हणाली.

तो कागद मी वाचला होता, हे मी सांगितलं नाही. हा माणूस माझ्यावर रागावला तर मला वाचवणार कोण, एवढीच भीती मनात होती. डॉक्टरांनी तिला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना तिनं माझ्या गाऊनचं बटण लावलं.

पुढचे दहा दिवस मलाच बघावं लागलं. रोज आरशापुढे उभी राहून रंग मोठ्यानं म्हणायचे. कातडी सोलली, खाली हळूहळू गुलाबी आलं. एक डाग राहिला, बाकी सगळं वाचलं.

सात महिन्यांनी अंघोळ करताना डाव्या बाजूला पाण्याचा गरमपणा कळला. मी न्हाणीघरातच रडले आणि त्याच रविवारी रिक्षा करून मळ्यात गेले.

ओट्यावर तिची सून झेंडूच्या माळा ओवत बसली होती. "सासूबाई आखाडात वारल्या," ती म्हणाली. "दवाखान्याचं काम सुटलं तवापासनं खचल्याच. म्हणायच्या, एका मास्तरीणबाईला मी भाजलं, तिचं बरं झालं का नाय, कुणी सांगंना."

"ती मीच," मी म्हणाले. "बरं झालंय. शेक द्यायचा नाही, हे मला माहीत होतं."

तिनं सुई थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग तवाच सांगायचं ना, बाई."