विमलबाईंचा काटा आणि चार हजार सहाशे वीस
दुसरबीडच्या रस्त्यावर उत्तमरावांचा वजनकाटा आहे आणि काट्याच्या खोलीत बावीस वर्षांपासून विमलबाई आहेत. ट्रक चढला की आकडा पडद्यावर यायच्या आत त्या तोंडाने सांगतात, आणि चुकल्याच तर एखाद्या बकरीएवढ्या चुकतात. वजन कॉम्प्युटरला पोचवणारं कार्ड ज्याने बसवलं, तो जाताना माहितीचे तीन कागद ठेवून गेला होता. गिऱ्हाईक नसलं की बाई तेच वाचत. आधी पाठ झाले, मग एमएस-सीआयटी केल्यावर हळूहळू कळायलाही लागले.

यंदा सोयाबीनच्या तोंडावर उत्तमरावांचा भाचा प्रेम पुण्याहून नवा प्रोग्राम घेऊन आला. प्रोग्राम देखणा, पण आकडा एकच. ट्रक चढला, ४६२०. उतरला, ४६२०. एक म्हैस उगाच काट्यावरून आडवी गेली, तीही ४६२०.

“कार्ड मेलं, मामा,” प्रेम म्हणाला. “आपोआप चालणारा काटा घ्या. माणूसच लागत नाही.”

माणूस म्हणजे आपण, हे बाईंना लगेच समजलं. त्यांना राग आला.

“काल जुन्या प्रोग्रामवर तं चालत होतं. तुया प्रोग्राम कार्डाचा आकडा कुठून वाचते, बाबू?”

“मेमरीतून. डी आणि पुढे चार शून्य, हा पत्ता.”

“अन् प्रोग्राम प्रोटेक्टेड मोडातला? म्हंजे सिस्टिमनं आखून देल्या आवारातच फिरनारा?”

प्रेमने चष्मा काढून पुसला. “हो.”

“मंग तो पत्ता त्याच्या सोताच्याच आवारातला झाला! बारा नंबरचं घर दुसरबीडात हाय अन् सुलतानपुरातही हाय. तू सुलतानपुरात कडी वाजवून राह्यला, अन् दुसरबीडवाला मेला म्हन्तो. तिसरा कागद वाच. आधी सिस्टिमले मागा लागते, खऱ्या मेमरीतली एवढी जागा मले दाखव. ते खिडकी उघडून देते, तिच्यातूनच पाहा लागते.”

प्रेमने हसत कागद घेतला. वाचता वाचता हसू आटलं.

“रिकाम्या काट्यावर शून्य आलं तं खुर्ची बाईची,” उत्तमरावांनी फैसला दिला. “नाही तं आजच नवा काटा सांगतो.” आणि ते बाहेर पडले.

प्रेमने चार ओळी घातल्या, प्रोग्राम चालवला. ४६२० गेलं. आलं ११०.

“बघा! रिकाम्या काट्यावर एकशे दहा किलो. कार्ड गेलंच आहे.”

बाई उठल्या. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खाली, काट्याच्या कडेवर, भिंतीला कान लावून मालक उभे होते.

“भाऊ, उतरा.”

मालक उतरले. पडद्यावर शून्य.

“आता चढा.”

एकशे दहा.

मालक चार महिन्यांपासून रोज फिरायला जात होते आणि ऐंशीवर आलो म्हणून गावभर सांगत होते. खिडकीत बाई, बाईंच्या खांद्यावरून प्रेम, रस्त्यावर दोन ट्रकवाले, सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

“बोला भाऊ,” बाई गोड आवाजात म्हणाल्या, “कार्ड खोटं हाय का?”

उत्तमरावांनी एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा नव्या काट्याची किंमत आठवली.

“बराबर हाय,” ते पुटपुटले. “खुर्ची तुमचीच. पन हे बाहेर बोलू नका.”

बाई शब्दाच्या पक्क्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. पण वजन झालं की पावती छापायची, ही बावीस वर्षांची सवय. ती एकशे दहा किलोची पावती अजून खोलीत, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर टाचलेली आहे.